शिवण शोधणारं बोट

आमच्या पोलादाच्या वखारीत काउंटरवर बसून मला एकतीस वर्षं झाली. मी कॉमर्स शिकलेला माणूस. लोखंडातलं मला कळतं ते रॅकवरच्या पाट्यांपुरतं. त्या पाट्या मीच लिहितो आणि नळ्यांच्या टोकांवर खडूनं खुणाही मीच करतो. पण नळी पारखावी ती ऑरिन स्टबलफील्डनं.

ऑरिन आपल्या गॅरेजमध्ये पिकअप गाड्यांसाठी पोलादी नळ्यांचे बंपर बनवतो. बनवायचा, म्हणायला हवं. आयडाहोच्या या डोंगरांत दगडधोंड्यांवरून गाडी घालणाऱ्याला कंपनीचा पत्र्याचा बंपर एक मोसमही पुरत नाही, म्हणून खोऱ्यातली निम्मी माणसं त्याच्याकडे जात. एखादं नवखं गिऱ्हाईक पाण्याचा जाड पाईप उचलू लागलं, की तो म्हणे, "तो न्हाणीघरात लाव. गाडी काय अंघोळ करणारे?"

नळ्या दोन जातींच्या. एक पट्टी गोल वळवून जोडलेली. तिच्या आतून शिवणीचा बारीक कंगोरा जातो. दुसरी साच्यातून पुन्हा ओढून शिवण सपाट केलेली, आतून गुळगुळीत; तिला आम्ही बिनशिवणीची म्हणतो. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. पण जोराचा मार बसला की पहिली कधीकधी शिवणीवर उसवते. ऑरिन नळीत बोट घाली, डोळे मिटी आणि बोट सावकाश फिरवी. "शिवण आहे. ठेव परत." आत डोकावून बघायची त्याला सवयच नव्हती. बोटाच्या टोकावर जुन्या कापांच्या रेघा होत्या. ते बोट कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

गेल्या मे महिन्यात तो लव्हॉन प्रुएटला घेऊन आला. डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या आमच्या स्वयंसेवक पथकाची ती प्रमुख. पथकाच्या गाडीला नवा बंपर हवा होता. ऑरिननं बोट घातलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवलं.

लव्हॉन मला म्हणाली, "माझ्या आईनं जावई एवढा तपासून घेतला असता, तर बरं झालं असतं."

"चालेल," ऑरिन म्हणाला. "दोन दे."

दोन दिवसांनी मी रॅक आवरत होतो. ऑरिननं दोन नळ्या नेल्या त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या एका नळीच्या आत बोट गेलं आणि कंगोरा लागला. दुसरीतही लागला. सगळा गठ्ठा शिवणीचा होता. बिनशिवणीच्या रॅकवर तो मीच ठेवला होता, आणि टोकांवर "बिनशिवणीची" असं माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

ऑरिनला कळवायला मी फोन उचलला. एकतीस वर्षांत माझा रॅक चुकला नव्हता. फोन खाली ठेवला. स्वतःला सांगितलं, ऑरिनच्या बोटाला कळलं असतंच, त्यानं त्यातल्या नेमक्या चांगल्या निवडल्या असतील. एका गठ्ठ्यात दोन जाती नसतात हे मला माहीत होतं. मी गठ्ठा योग्य जागी हलवला आणि ओल्या फडक्यानं खडू पुसला.

जूनमध्ये एका कुटुंबाची गाडी घळीत अडकली. ती ओढताना पथकाची गाडी घसरून खडकावर आदळली, बंपर शिवणीवर उभा उसवला आणि हुक निखळला. कुणाला लागलं नाही. पण दोन लहान मुलांसह ते कुटुंब दुसरी गाडी पोचेपर्यंत चार तास घळीत थंडीत बसून होतं.

त्या रविवारी अग्निशमन केंद्रात पथकाची पॅनकेकची न्याहारी होती. ऑरिन टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साखरेच्या दुखण्यानं वर्षभर माझ्या बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. "मी लपवलं. नळी मीच पारखली होती. आता कुणाचा बंपर करणार नाही."

"अरे, बस बाबा, पॅनकेक गार होतायत," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही.

बोलायचं ते मी तेव्हाच बोलायला हवं होतं. माझ्या तोंडात घास होता. तो मी बराच वेळ चावत राहिलो.

जुलैत ऑरिन वखारीत आला आणि नळीचा वीतभर तुकडा त्यानं काउंटरवर ठेवला. बंपर करताना कापून उरलेला. टोकावर माझं अक्षर तसंच होतं.

"हा तुझ्याकडे असू दे, मर्ल."

"लोकांना का नाही दाखवलास?"

"दाखवून काय? बोट तर माझंच होतं ना." मग त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. "मे महिन्यात," मी म्हणालो. "तू नेल्यावर दोन दिवसांनी."

त्यानं मान हलवली. टोपी घातली. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"माझा फोन चालू होता," तो म्हणाला.

पथकाचा नवा बंपर आता दुसऱ्या गावचा वेल्डर करतोय. त्याच्यासाठी आठ नळ्या पाठवायच्या होत्या. आठही नळ्यांत मी दोन्ही टोकांनी बोट घालून पाहिलं. कापलेल्या कडा धारदार असतात. काउंटरवर कुणी माझ्या बोटावरच्या चिकटपट्टीबद्दल विचारलं, तर कागदानं कापलं, असं सांगतो.