सदूदादाचे निरोप

सदूदादा निरोप सांगायला लागला की तो सदूदादा राहत नसे. पायरीवर ओझे उतरवून, तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन तो पडवीत टेकायचा, आणि मग एकेका घरचा निरोप ज्याच्या त्याच्या आवाजात बाहेर पडायचा. खालच्या वाडीतला विठू नाकात बोलायचा, तर त्याचा निरोप नाकातून यायचा. मुंबईत साहेबाचा पट्टेवाला असलेला गोविंदा मधूनमधून इंग्रजी शब्द फेकायचा, तर त्याच्या आईला निरोपही तसाच मिळायचा. तिला त्यातले निम्मे कळत नसे, तरी ती पदर डोळ्यांना लावायची. चाळीसेक घरांचे निरोप हा माणूस कागदाचा कपटाही न वापरता मुंबईहून डोक्यात घेऊन यायचा. एकाचा निरोप दुसऱ्याला गेला, असे कधी झाले नाही.

गावात त्याला सदू खेप्या म्हणत. हातखंब्याच्या आसपासच्या पाच-सात वाड्यांतले पुरुष मुंबईला, बहुतेक गिरणीत. घरच्या बायकांनी त्यांच्यासाठी जे बांधून दिले ते सदूने गोळा करायचे, बैलगाडीतून रत्नागिरीच्या बंदरावर न्यायचे, पडावातून आगबोटीवर चढवायचे आणि मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर पोचवायचे. येताना तिकडचे निरोप आणायचे, क्वचित एखादे लुगडे, पोरांना खाऊ. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की महिन्याला एक खेप, ती वैशाख सरेपर्यंत. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे सदूही बंद. तेव्हा तो माझ्या माहेरच्या वाडीत त्याच्या चुलतभावाच्या पडवीवर काथ्याचे दोर वळत बसलेला असे. स्वतःचे घर म्हणावे असे त्याला काही नव्हते. आई लवकर गेली होती आणि बायको पहिल्या बाळंतपणात.

मला सख्खा भाऊ नाही. सोळाव्या वर्षी लग्न होऊन सासरी आले, त्या पहिल्या दिवाळीत सदूदादा बोचकी गोळा करायला आमच्या दारात आला. दिवस नेमका भाऊबीजेचा होता. मी डोळे पुसत भाकऱ्या थापत होते ते त्याने बघितले असावे. ओझे खाली ठेवून म्हणाला, "बाय, पाट मांड बघू. माहेरचा माणूस आलाय." सासूबाई हसल्या आणि त्यांनीच पाट आणून दिला. तेव्हापासून त्याने एकही भाऊबीज चुकवली नाही. खेपेचे दिवस असे जुळवायचा की त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला असेल. ओवाळणीत मुंबईच्या काचेच्या बांगड्या, एकदा शिंगाचा कंगवा. सासरी मला कुणी वाकडे बोलले की मी मनातल्या मनात म्हणायची, दादा येऊ दे.

माझे यजमान लग्नानंतर पंधरा दिवस राहिले आणि बोटीने गेले. पुढच्या दोन शिमग्यांना आले. सगळे मिळून आमचे चार महिनेही एकत्र गेले नसतील. "खोली मिळाली की नेतो," असे जाताना म्हणाले होते आणि त्या एका वाक्यावर मी सासरी दिवस काढत होते. सासऱ्यांच्या नावाने दोन ओळींचे कार्ड यायचे, खुशाल आहे म्हणून. त्यात माझे नाव नसायचे. तशी रीतच नव्हती. माझ्यासाठी जे काही यायचे ते सदूदादाच्या तोंडून.

आणि काय यायचे! मी दर खेपेला कुळथाचे पीठ, आमसुले, उकडे तांदूळ, थोडे सुक्या कोलंबीचे सोडे, उन्हाळ्यात फणसाची साटे असे बांधून द्यायची. पुढच्या खेपेला सदूदादा पडवीत बसून घसा खाकरायचा आणि म्हणायचा, "म्हंजे कसं की..." ही यजमानांची लकब. तेवढे ऐकले की मी दाराआड येऊन उभी राहायची. "म्हंजे कसं की, इथल्या भाताला वासच नाय. गिळायचा म्हणून गिळायचा. तुझी पिठी रटरटायला लागली की खोलीत कुणी बोलत नाय. जो तो आपापल्या घरी जाऊन येतो." शिमग्याला ते येऊ शकले नाहीत तेव्हाचा निरोप तर मला अजून पाठ आहे. "गिरणीचा पट्टा धडधडतो ना, त्यात मला आपला ढोल ऐकू येतो. पालखी आत्ता कुठल्या वाडीत नाचत असेल ते मी बोटावर मोजतो. तू नारळ दिलास काय? माझ्या नावानं दिलास काय?"

मी दिला होता. त्यांच्याच नावाने.

कधी तक्रारही यायची आणि मला त्या तक्रारीच जास्त आवडायच्या. "साटं जरा पातळ घाल. दाताला चिकटतात." मग मी त्या वर्षी फणसाचा रस चाळणीतून दोनदा काढला आणि सुपावर इतका पातळ पसरला की सासूबाई म्हणाल्या, वाऱ्याने उडून जाईल. नवऱ्याला काय आवडते हे ज्या बाईला ठाऊक असते ती स्वतःला सुखी समजते. मी तशी सहा वर्षे सुखी होते, हे लिहायला लाज वाटते पण खरे आहे.

सदूदादा मऊ मनाचा होता म्हणून गोड गोड सांगायचा, असे कुणी समजू नये. खालच्या वाडीतल्या म्हातारीचा लेक मुंबईत पटकीने गेला, तेव्हा त्याने ते तिच्या पायरीवर उभे राहून, पाणीही न घेता, चार शब्दांत सांगितले. एकीचे ठरलेले लग्न मुलाने मोडले, तो निरोपही त्याने भर अंगणात तिच्या बापाला जसाच्या तसा दिला. बापाने त्याला शिव्या घातल्या त्या ऐकून घेतल्या. मी त्याला म्हटले, "दादा, जरा सावकाश सांगायचं होतंस." तर म्हणाला, "बाय, निरोपात आपलं पाणी घातलं की तो निरोप नाय राहत." हे मी ऐकले होते, म्हणून तर माझा त्याच्यावर एवढा भरवसा.

लग्नाला पाच वर्षे झाली तेव्हा रत्नागिरीहून माझे मामा आले. मी सहावी पास झालेली होते. आमच्या बाजूला तेव्हा एवढी शिकलेली मुलगी विरळा. मुलींच्या एका शाळेत मदतनीस शिक्षिकेची जागा होती. मामांनी शब्द टाकला होता. म्हणाले, "नवरा नेतो नेतो म्हणून नेत नाही. तोवर माझ्याकडे राहा, शिकव, पुढं परीक्षा दे. नेईल तेव्हा जा की." सासरे गप्प होते, म्हणजे त्यांची ना नव्हती. सदूदादा त्या दिवशी तिथेच, खांबाला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे बघितले. तो घसा खाकरून म्हणाला, "म्हंजे कसं की, दिवाळीच्या आत खोली बघतो म्हणालेत भावजी." मी मामांना नाही म्हटले. मामा रागावून गेले, जेवायलाही थांबले नाहीत.

मिठाचा सत्याग्रह झाला त्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचे लग्न निघाले, आणि थोरला भाऊ म्हणून यजमानांना यावेच लागले. सदूदादा मात्र त्या लग्नाला आला नाही. बोटीची शेवटची खेप आहे, असे त्याने कळवले होते. यजमान आले ते अंगाने भरलेले, केस मागे वळवलेले. मी त्यांच्यासाठी सकाळपासून राबले होते. उकड्या तांदळाचा भात, सोडे घातलेले वांगे, आणि कुळथाची पिठी, वर लसणीची फोडणी. त्यांनी पिठीची वाटी बोटाने बाजूला सारली.

"हे नको. कुळीथ सोसत नाही मला आता. किती वर्षांत तोंडात घेतला नाही."

मी म्हटले, "मग दर खेपेला पीठ पाठवते ते?"

"ते गाववाल्यांच्या खोलीवर जातं. मी तिथं कुठे असतो? चार वर्षं होत आली." मग माझ्या तोंडाकडे बघून ते जेवायचे थांबले. "सदूनं सांगितलं ना तुला? मी स्पष्ट सांगून पाठवलं होतं. दुसरं बिऱ्हाड केलंय. ती घाटावरची आहे. तू माझी वाट बघू नको, हवं तर माहेरी जा. एवढं सगळं सांगितलं होतं त्याला."

"नाही सांगितलं."

"मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि तरी पाठवतेस. म्हणून मी पुन्हा काही बोललो नाही."

वाढायचा डाव माझ्या हातात होता. खरे सांगते, दुसऱ्या बाईचे दुःख नंतर आले. आधी मला वाटले ते हे, की हा माणूस माझ्या नवऱ्यासारखा बोलत नाही. त्यांनी एकदाही घसा खाकरला नाही. "म्हंजे कसं की" ते एकदाही म्हणाले नाहीत. आमच्या लग्नाच्या वेळी असलेली ती लकब मुंबईत केव्हाच गळून गेली होती. ती फक्त सदूदादाने सांभाळली होती. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पिठी रटरटताना खोलीत कुणी बोलत नाही ते कुणी पाहिले होते, पट्ट्याच्या धडधडीत ढोल कुणाला ऐकू यायचा, साटे कुणाच्या दाताला चिकटायची. सदूदादाचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि मी सुपावर रस पातळ पसरत होते.

यजमान लग्न आटोपून गेले. पाऊस लागला. सदूदादा दोन कोसांवर माहेरच्या वाडीत दोर वळत बसला असणार. मी गेले नाही. त्याने यायला हवे होते. नारळी पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी आला. माझ्याकडे बघितले आणि पाणी मागितले नाही.

मी म्हटले, "का नाही सांगितलंस?"

"त्यांनी सांगितलं त्याच्या पहिल्या खेपेलाच सांगणार होतो बाय. आलो तर तू पाट मांडलेलास. भाऊबीज होती."

"आणि त्याच्या पुढच्या खेपेला?"

"तू विचारलंस, पिठी आवडली काय. आवडली होती. खोलीतल्या सगळ्यांनाच आवडली होती. मी हो म्हटलं. मग तू आणखी पाठवलंस."

"ते सगळं बोलणं कुणाचं होतं?"

"माझं. मलाच तसं वाटायचं तिकडं. माझ्यासाठी कोण बांधून देणार होता? तुझ्या हातचं खाल्लं की मला घर असल्यासारखं वाटायचं. ते बोलायला मला माझा आवाज नव्हता."

मला त्याची दया आली. आणि दया आली म्हणून जास्तच संताप आला. मी विचारले, "मामा शाळेचं विचारायला आले, तेव्हा तू इथंच बसला होतास. तेव्हा काय होतं तुझ्या मनात?"

त्याने ओझ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. मी रत्नागिरीला गेले असते तर त्याच्या खेपेतले एक बोचके कमी झाले असते, हे मी बोलले नाही, त्यानेही नाही. दोघांनाही ते कळले होते. ज्या माणसाने चाळीस घरांशी इमान राखले त्याला बेइमानी करायला मीच सापडले. कारण मी त्याची होते. परक्याला तो खरे सांगत असे.

पुढे मी रत्नागिरीला गेले. मामांनी मन मोठे करून पुन्हा खटपट केली, जागा मिळाली, परीक्षा दिल्या, शेकडो पोरींना बाराखडी शिकवली. घरी पत्र आले तर ते दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा, हे मी त्यांना पहिल्या दिवशी सांगायची. हे त्या माणसाने मला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याबद्दल त्याचे आभार मानावेत, एवढी मी मोठ्या मनाची नाही.

निघण्याआधीची ती शेवटची दिवाळी. भाऊबीजेला तो येणार नाही असे मी धरून चालले होते. दिवस कलला तेव्हा तो आला. ओझे नव्हते, धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. पडवीत जाऊन नेहमीच्या जागी बसला. सासूबाईंना आमच्या दोघांतले काही ठाऊक नव्हते. त्या आतून म्हणाल्या, "अगं, भाऊ आलाय, तबक आण." मी निरांजन लावले, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली आणि तबक घेऊन बाहेर आले. सदूदादाने पाठ ताठ केली, टोपी सारखी केली आणि मान किंचित पुढे केली.

मी त्याच्यासमोरून अंगणात उतरले. भाऊ नसलेली बाई भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असते. पश्चिमेला माडांच्या वर बीजेची कोर नुकती दिसायला लागली होती. मी तिला अक्षता टाकल्या आणि तीनदा ओवाळले, सावकाश, ज्योत विझू न देता.

वळले तेव्हा तो उठून उभा होता. टोपी काढून हातात धरली होती.

"झालं, बाय?" त्याने विचारले.

"झालं," मी म्हटले.

तो पायऱ्या उतरला आणि दगडी गडग्याच्या कडेने निघून गेला. त्यानंतर तो मला भेटला नाही. लोक मला नवऱ्याने टाकलेली म्हणतात, म्हणू देत. ज्याच्याशी चार महिन्यांची ओळख, त्याच्या टाकण्याने माणसाचे जाते किती? भाऊ मी टाकला, माझ्या हाताने, उघड्या अंगणात. टाकायला हवा होता असे मला आजही वाटते. आणि भाऊबीजेला दिवेलागण झाली की मी अंगणात जात नाही.