मेंढरांमागं गेलेल्याला सांगत नाहीत

आमच्या सांगोल्याकडच्या फाट्यावर एसटी फार वेळ थांबत नाही. कंडक्टर दारातूनच ओरडतो, ‘चला, सोलापूर, सोलापूर’, त्यामुळे रडायचं असेल तर आधीच उरकून घ्यावं लागतं. माझ्या आईला ते जमलं नाही. गाडी येईपर्यंत ती माझ्याशी भांडत होती. कडक भाकरी पिशवीत खाली का घातल्यास, ओढणी अशी का घेतलीस, तितं जाऊन तोंडाळपणा करू नगंस, नर्स हुनाऱ्या पोरीनं गोड बोलाय पायजे की. मी म्हटलं, ‘आई, मी सुई टोचाय शिकाय चाललीया, कीर्तन कराय न्हाय.’ फाट्यावरच्या बायका हसल्या, तीही हसली, आणि तेवढ्यात गाडी आली. मग मात्र तिचं तोंड वाकडं झालं. मी खिडकीतून तिला हात करत राहिले आणि ती पदर तोंडात धरून तशीच उभी राहिली.

शेजारी अण्णा बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील. मेंढरं राखणारा माणूस. एका दिवसासाठी कळप माझ्या थोरल्या भावाच्या हवाली करून, धुतलेला पटका बांधून ते मला पोचवायला निघाले होते. सोलापूर येईपर्यंत ते माझ्याशी कमी आणि स्वतःशीच जास्त बोलले. लंगडी मेंढी मागं राहील, भाऊ मोबाइल बघत बसेल, त्यांच्या जिवाला असलाच घोर.

त्या प्रवेशासाठी आम्ही काय काय केलं म्हणून सांगू! बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स पाहिजे, त्यात बायोलॉजी पाहिजे, इंग्रजी पाहिजे, वर सीईटी, वर जातपडताळणी. वयाची सतरा वर्षं पुरी पाहिजेत. ते काम शाळेतल्या मास्तरांनी आधीच करून ठेवलं होतं. त्यांच्या हिशेबानं आमच्या वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी, एक जूनला, जन्माला आली होती. घोडं अडलं ते तब्येतीच्या दाखल्यावर. माझं रक्त कमी निघालं. मग आईनं मला आळिवाचे लाडू, मेथी, गूळ-शेंगदाणे असं काही चारलं की मी तिच्या सावलीलाही भ्यायला लागले. तिच्या स्वतःच्या पायांना तेव्हाच संध्याकाळची सूज यायची. रानात उभं राहून येती, असं ती म्हणायची, आणि आम्हाला ते पटायचं.

कॉलेजात पहिल्याच दिवशी पालकांना हॉलमध्ये बसवून प्राचार्य मॅडमनी नियम सांगितले. थिअरीला ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. मागच्या वर्षांचे विषय सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षाची परीक्षा देता येणार नाही. आणि वॉर्डातली, म्हणजे प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के. ती भरल्याशिवाय पदवी नाही. अण्णा मागच्या रांगेत टेकून बसले होते. ते एकदम उभे राहिले आणि म्हणाले, ‘म्हंजी बाई, एक दिस बी न्हाय चुकवायचा?’

‘एकही नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘पेशंटला सुट्टी असते का?’

हॉलमध्ये हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णा मात्र मान डोलवत खाली बसले. त्यांना ते पुरतं पटलं होतं. मेंढरं राखणाऱ्याला शंभर टक्के म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. संध्याकाळी जाळीच्या वाघरात मेंढरं कोंडताना एक कमी भरलं तर बाकीची आहेत म्हणून कुणी झोपत नाही. ते दुपारच्या गाडीनं परत गेले, कळपाची काळजी होती. चुकलेले वॉर्डाचे दिवस सुट्टीत ड्यूटी करून भरून काढता येतात, ही सोय मॅडमनी पुढच्या आठवड्यात आम्हा मुलींना सांगितली. ती अण्णांना सांगायची गरज आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही. मी तर दिवस चुकवणारच नव्हते.

सोलापूर हे काही परदेश नव्हे. पण हॉस्टेलवर पहिले कित्येक दिवस मी मुकी होते. तुम्ही बघा, ‘हाय’ म्हटलं की मुंबई-पुण्याकडच्या मुली हात हलवून ‘हाय’ म्हणायच्या आणि फिदीफिदी हसायच्या. मग मी ‘आहे’ म्हणायला शिकले. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक उशाला घेऊन झोपले तरी डोक्यात शिरेना. सगळं इंग्रजीत. पहिल्याच सेमिस्टरला त्यात नापास झाले. घरी फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, ‘मग आता वर्ष गेलं व्हय गं?’ नाही गं, विषय मागं राहिला, पुन्हा देता येतो, असं मी सांगितलं. पण तिला ते काही पटलं नाही. त्यानंतर तिचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपायचा. ‘ड्यूटी चुकवू नगं हां.’

वॉर्डात मात्र माझा जीव रमला. सोलापूरच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, तिसऱ्यावर तेलुगू. अक्कलकोटकडची म्हातारी ‘नोवू’ म्हणाली की दुखतंय हे कळायला लागलं. सगळ्या जणी मला सिस्टर म्हणायच्या. ज्या पोरीला गावात कुणी पाणी आणायलासुद्धा नावानं हाक मारत नव्हतं, ए पोरी म्हणायचे, तिला कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात सिस्टर! मी फोटो काढून भावाच्या मोबाइलवर पाठवला. आईनं तो सगळ्या आळीला दाखवला म्हणे.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात जातात, कृष्णाकाठाला, कुठं कुठं. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पाऊस पडला की परतायचं. मागं घरी कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तरी मेंढरांमागं गेलेल्याला सांगावा धाडायचा नाही. परक्या रानात एकटा माणूस, कळप कुणाच्या भरवशावर टाकून येणार? आला तर मेंढरं गेली, न आला तर जीव जळतो. म्हणून तो परत आला, हातपाय धुतले, पोटात भाकरी गेली, की मग सांगायचं. माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, गेले तेव्हा अण्णांना असंच परतल्यावर कळलं. ते म्हणायचे, ‘बरं केलं, न्हाय सांगितलं. सांगितलं असतं तर आलो असतो.’ आता खिशाखिशात फोन आहेत, पण रीत तशीच राहिली.

तिसऱ्या वर्षी आईची सूज पायांवरून चेहऱ्यावर आली. भावानं तिला मिरजेला नेलं. मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झालीत असं डॉक्टर म्हणाले. त्या साली अण्णा कळप पाव्हण्यांबरोबर धाडून घरीच राहिले. यातलं मला एक अक्षर कळू दिलं नाही. फोन केला की भाऊ म्हणायचा, ‘आई रानात गेलीया.’ कधी तिच्या हातात फोन द्यायचा, तेव्हा ती म्हणायची, ‘मला काय धाड भरलीया? लई बरी हाय मी. ड्यूटी चुकवू नगं.’ आवाज बारीक वाटायचा. मी विचारलं तर म्हणायची, घसा बसलाय.

आणि मी त्या वेळी कुठं होते? मेडिसिन वॉर्डात. माझ्याकडे एक तेलुगू बोलणारी अम्मा होती, टॉवेलच्या कारखान्यात जन्म गेलेली, तिला हाच आजार. किती पाणी प्यायली, किती लघवी झाली, मी सगळं मोजून लिहीत होते. मीठ का नको हे तिच्या सुनेला समजावत होते. तिच्या पायांखाली उशी देत होते, केस विंचरून देत होते. अम्मा माझ्या गालावरून हात फिरवायची. आमच्या ट्यूटर सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, ‘अश्विनीकडून शिका, आईसारखं करते.’ आजही ते वाक्य आठवलं की मला कुठं तोंड लपवू असं होतं.

पोस्टिंग शनिवारी संपलं. रविवारी सकाळी हॉस्टेलच्या गेटवर कुणीतरी आलंय म्हणून वॉचमननं हाक मारली. बघते तर अण्णा. मेंढरं लांब मुलखात असायचे ते दिवस आणि अण्णा माझ्यासमोर सोलापुरात. 

‘पोस्टिंग काल संपलं न्हवं?’ त्यांनी विचारलं.

‘संपलं की. अण्णा, तुमी हितं कसं? मेंढरं कुणाकडं हायती?’

‘काय खाल्लंस का सकाळचं?’

‘अण्णा!’

‘तुजी आई गेली गं बाळा,’ ते म्हणाले. ‘बुधवारी गेली. दहाव्याला न्याय आलोय तुला.’

मी तिथंच, गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांच्या अंगावर ओरडले. मी काय मेंढरांमागं गेले होते का? माझ्या आईची माती माझ्याशिवाय केलीत? वॉचमन बाजूला झाला. अण्णा पटका हातात घेऊन उभे होते. ‘तीच म्हणाली,’ एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ‘पोरीला कळवू नगा म्हणाली. एक दिस बुडला तर पदवी जाती म्हणाली.’ दिवस भरून काढता येतात, अण्णा, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी वर बघितलं, तर आयुष्यात पहिल्यांदा अण्णांचे ओठ थरथरत होते. मी ते वाक्य गिळलं.

दहाव्याला आत्यानं माझ्या गळ्यात पडून सांगितलं, की शेवटी शेवटी शुद्ध हरपल्यावर आई मलाच हाका मारत होती. शुद्धीत असेतो कळवू नका म्हणाली, आणि शुद्ध गेल्यावर बोलवा म्हणाली. आत्याला वाटलं असेल, यानं मला बरं वाटेल. देवा रे.

मग मी परत आले, शिकले. मागं राहिलेला विषय सुटला, बाकीचे सुटले, हजेरी शंभर टक्के भरली, पदवी मिळाली, नोंदणी झाली. आज मी इथल्याच एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडे दोन खोल्या घेतल्यात. मागून दिवसभर यंत्रमागांची खडखड येते. पहिल्यांदा डोकं उठायचं, आता बंद पडली की चुकल्यासारखं होतं. गावी गेले की भावजय मला पाहुणीसारखा पाट देते. माझी भाषासुद्धा आता धेडगुजरी झालीय, तिथं ‘आहे’ तोंडातून निसटतं आणि इथं रागावले की ‘हाय’. आईशिवाय त्या घरात मी जाते ती अण्णांसाठी. तुमच्यापैकी ज्या पोरी माझ्यासारख्या शिकायला बाहेर पडल्या, त्यांना हे कळेल. गाव तिथंच असतं, आपल्याशी भांडणारं माणूस तिथं उरत नाही.

मागच्या महिन्यात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन माझ्याच ओळखीनं इथं केलं. आठवडाभर माझ्याकडे राहिले. कळप विकलाय, त्यामुळे त्यांना परतायची घाई नव्हती. एका संध्याकाळी जेवायला बसलो. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

‘अश्विने, एक इचारू का?’

‘इचारा की.’

‘आपल्या शेजारची पोरगी बी नर्शिंगला हाय न्हवं? ती भावाच्या लग्नाला चार दिस आली हुती. ड्यूटी सोडून. तरी पास झाली म्हणं.’ त्यांनी हातातला तुकडा बोटांत फिरवला. ‘तुजा एक दिस बुडला असता, तर खरंच पदवी गेली असती व्हय गं?’

किती वर्षं हा माणूस हा प्रश्न पोटात घेऊन बसला होता कुणास ठाऊक. माझ्याकडे उत्तर होतं. खरं, नियमाला धरून असलेलं उत्तर. पुढच्या सुट्टीत चार दिवस ड्यूटी केली असती की हजेरी भरली असती, आणि मी आईच्या उशाशी बसले असते. तिचं डोकं मांडीवर घेतलं असतं. तिनं हाक मारली असती तेव्हा ओ दिली असती. आणि मी खोटं न बोलणारी पोरगी आहे, तोंडाळ आहे, सगळं गाव ओळखतं मला.

‘गेली असती, अण्णा,’ मी म्हटलं. ‘तिचं कॉलेज निराळं हाय. आमच्यात लई कडक हुतं.’

‘व्हय?’

‘व्हय. तुमी केलं ते बरोबर केलं.’

त्यांनी मोठा श्वास सोडला. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा त्यांनी पंच्याच्या टोकानं पुसला. मग हातातला तुकडा आमटीत बुडवून ते जेवायला लागले, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, अण्णांना वाचता येत नाही. तुम्हाला येतं. पाया पडते, हे त्यांना वाचून दाखवू नका.