ट्रॉलीत चढलेली चौदा माणसं

बायको गेल्याच्या दुसऱ्या वर्षी माझी लातूरच्या शाळेवर बदली झाली. खुटबावचं भाड्याचं घर एकाच खेपेत रिकामं करायचं, एवढंच मी ठरवलं होतं. पुन्हा येऊन ते दार उघडायची माझी तयारी नव्हती. म्हणून यवतच्या वेल्डिंगवाल्या आप्पांबरोबर खपून, भंगारातल्या ॲक्सलवर लोखंडी सांगाडा जोडून, माझ्या जुन्या जीपमागे ओढायची एक ट्रॉली केली.

एवढ्या लांब जायचं तर आधी भार घालून बघायला हवं होतं. आप्पांनी चहाच्या टपरीकडे हाक मारली, "चला रं, वजन पायजे!"

चौदा जण चढले. माझ्या सामानापेक्षा हे वजन जास्तच भरलं असतं. एका माजी उपसरपंचांना उभं राहणं शोभेना, म्हणून त्यांच्यापुरती खुर्ची चढवली. नारळ फुटला. त्यांनी दोन शब्द सुरू केले, पण तेवढ्यात मी जीप सुरू केली.

कासुर्डीपर्यंत जायचं होतं. खड्डा आला की मागे आरडाओरडा. "सर, दमानं! आमचं पद जाईल!" खुर्चीतून उपसरपंच ओरडले. त्यावर कुणीतरी म्हणालं, "गेलंय की कवाच!" पुन्हा हसणं. घरात वर्षभर मी फक्त रेडिओ ऐकत होतो. कासुर्डी आली तरी मी थांबलो नाही, उगाच थोडा पुढपर्यंत गेलो.

ट्रॉली धड परत आली. सगळ्यांनी तिला पास केलं.

दुसऱ्या दिवशी खरं सामान भरलं. यवतमध्ये हायवेला लागण्याआधीच्या खड्ड्यात जोडदांडीला तडा गेला. आप्पा शेडमधून आले आणि खाली वाकून बघितलं.

"चूक माझी हाय, सर. खड्डा आला की माणसं ढुंगण उचलत्यात. कपाट उचलतंय व्हय?"

त्यांनी दांडीला जाड पट्टी मारली, पण लोखंडी कपाट नेऊ देईनात. ते बायकोचं होतं. आत तिच्या साड्या तशाच होत्या. चौघांनी ते उतरवून आप्पांच्या शेडमध्ये भिंतीला लावलं.

"न्यायला कवा येताय?"

"दिवाळीच्या सुट्टीत," मी म्हणालो.

"कपाटाची किल्ली ठिवून जाता का?"

मी खिशात हात घातला. मग तसाच बाहेर काढला आणि जीपमध्ये बसलो.