पान्याला पाय लागला

पाइपफिटरांच्या युनियनच्या हॉलमध्ये माझी मुलाखत झाली, तेव्हा टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकाने विचारलं, "हत्यारं कुठली वापरली आहेस?" मी खरं तेच सांगितलं. कात्री आणि गज. गज म्हणजे कापड मोजायची लोखंडी पट्टी, आमच्या साडीच्या दुकानात असायची, हे हातवारे करून समजावलं. तिघेही हसले. मीही हसलो, पण आतून चिडलो होतो. गज काय हसण्याची वस्तू आहे? तरी त्यांनी मला घेतलं. का घेतलं ते मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी थापा न मारणारा बहुतेक मी एकटाच असेन.

नागपूरला मी साड्यांच्या दुकानात सेल्समन होतो. दिवसभर पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, गिऱ्हाइकापुढे साड्यांचा ढीग उलगडायचा आणि बाई एकही न घेता उठून गेल्या तरी "या हं ताई पुन्हा" म्हणून हसायचं. तो सगळा राग पोटात साठायचा आणि घरी निघायचा, असं बायकोचं म्हणणं. ती सॉफ्टवेअरमधली. तिला कॅनडात विनिपेगला नोकरी लागली आणि आम्ही दोघं नि मुलगी असे इकडे आलो. इथल्या मराठी बायका साड्या नेसत, पण त्या सुट्टीत भारतातून आणत. मग मी एका वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायला लागलो.

खोकी उचलण्याचं मला दुःख नव्हतं. दुःख व्हायचं ते गणपतीच्या जेवणाला. तिथे सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर. कोणी नवीन माणसाने "आपण काय करता?" म्हणून विचारलं की मी तोंड उघडायच्या आत दुसरा कोणीतरी सांगून टाकायचा, "हे हिचे मिस्टर." एवढीच माझी ओळख. मला स्वतःचं असं एक काम हवं होतं, ज्याचं नाव मान वर करून सांगता येईल. युनियन पाइपफिटरचे शिकाऊ घेते आहे, अशी जाहिरात मला ग्रोसरीच्या दुकानातल्या बोर्डावर दिसली आणि मी त्याच दुपारी अप्लाय केलं. मुलगी म्हणाली, "बाबा, यू कान्ट ईव्हन फिक्स अवर टॅप." तिचं बरोबर होतं. नळ अजून गळत होता.

शिकाऊला पहिले तीन महिने प्रोबेशन. आपण टिकणार की नाही हे दोन माणसं ठरवणार. एक फोरमन, आणि दुसरा जर्नीमन, म्हणजे ज्याच्या हाताखाली शिकायचं तो पुरा तयार फिटर. ते नको म्हणाले की मी परत खोक्यांकडे. काही झालं तरी खोक्यांकडे परत जायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

माझा जर्नीमन साठीला आलेला, दारातून आत येताना दार भरून टाकणारा माणूस होता. त्याचे आजोबा युक्रेनमधून इकडे शेती करायला आले होते. बोलायला एकदम कंजूष. पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कोल्ड वाटतंय?" मी नाही म्हणालो. दात वाजत होते. त्याने स्वतःचे जादा हातमोजे माझ्याकडे फेकले आणि कामाला लागला.

आम्ही एका नव्या इमारतीत हीटिंगचे पाइप टाकत होतो. मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो थंडीचा नाही, वजनाचाही नाही. हत्यारं जमिनीवर पडलेली असायची, त्याचा. पाने, हातोडे, लेव्हल, सगळं पायात. पाइप खांद्यावर घेऊन चालताना बुटाला काहीतरी लागायचंच. आणि हत्याराला पाय लागला की मी पाइप खाली ठेवायचो, वाकायचो, त्या पान्याला हात लावायचो आणि नमस्कार करायचो. हे मी मुद्दाम करत नव्हतो. दुकानात गजाला पाय लागला आणि तो कपाळाला लावला नाही, तर मालक दिवसभर बोलायचे नाहीत. तो हात आता आपोआप जायचा. फक्त इथे कपाळावर हेल्मेट होतं, त्यामुळे बोटं छातीला लावायचो.

बाकी मला मजा यायला लागली होती. पाइपला आटे पाडायचं मशीन होतं, त्याच्यावर तेल सोडत आटे पडताना पाहायला मला फार आवडायचं. चकचकीत, ताजे, बोट फिरवलं तर कापेल असे. आट्यांना पेस्ट कशी लावायची, जोड हाताने किती फिरवायचा आणि मग पाना कधी घालायचा, हे जर्नीमन एकदा करून दाखवायचा आणि बाजूला व्हायचा. माझा पहिला जोड पाणी सोडल्यावर गळला नाही, तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ड्राय." बस्स, तेवढंच. मी घरी जाऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला आणि मुलीला तीनदा उघडून बंद करायला लावला.

दुसऱ्या महिन्यात काहीतरी बिनसलं. जर्नीमन माझ्या खांद्यावरचे पाइप काढून स्वतः उचलायला लागला. मी शिडीवर चढायला गेलो की "मी बघतो" म्हणायचा. माझ्या हातात झाडू आला. मधूनच विचारायचा, "यू ओके?" आणि मी हो म्हणालो तरी, "बस पाच मिनिटं." एवढंच नाही, कॉफीच्या सुट्टीत ट्रेलरमध्ये डोनटचा डबा फिरायचा, तो माझ्यापुढे आला की हा माणूस उचलून पलीकडे सरकवायचा आणि स्वतःच्या डब्यातलं सफरचंद माझ्यापुढे ठेवायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाइप नाही देत, नको देऊ. डोनटही नाही?

त्यात एकदा फोरमन येऊन माझ्याकडे बघून त्याला म्हणाला, "हा काय नुसता झाडूच मारतो?" जर्नीमनने नुसता पुढचा पाइप उचलला. माझं धाबं दणाणलं.

"तुम्हाला काढणार असतील तर तोंडावर सांगतील ना," बायको भाजी परतता परतता म्हणाली. "इथे फीडबॅक देतात. तुम्ही डायरेक्ट विचारा."

"विचारायचं काय? आंधळ्यालाही दिसतंय."

"मग नका विचारू. पण पोळी तरी नीट खा, ताटावर राग काढू नका."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी बाकीचे बाहेर गेल्यावर मी ट्रेलरमध्ये थांबलो. त्याने सफरचंद काढलं. मी ते त्याच्याकडे परत ढकललं आणि जमेल तशा इंग्रजीत सगळं ओकलो. मी नालायक असेन तर सरळ सांग. मी तुझ्याएवढा धिप्पाड नाही, पण झाडू मारायला मी युनियनमध्ये आलो नाही. माझा आवाज चढला होता.

त्याने सफरचंद बाजूला ठेवलं. मग उठून ट्रेलरचं दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हार्टचा त्रास तुला किती दिवसांपासून आहे?"

मला कळेचना. "कोणाला?"

"तुला. मी रोज बघतो. वजन घेऊन चाललास की थांबतोस, वाकतोस, छातीला हात लावतोस. माझा मोठा भाऊ पण आमच्याच धंद्यात होता. तोही असाच थांबायचा आणि कोणाला काही सांगायचा नाही." त्याने दाराकडे एकदा पाहिलं. "फोरमनला बोललो असतो तर त्याने त्याच दिवशी तुला घरी पाठवलं असतं. म्हणून म्हटलं, प्रोबेशन संपेपर्यंत तुझे पाइप मी उचलतो."

मला हसू आलं. घरापासून इतक्या लांब कोणीतरी माझं ओझं न सांगता उचलत होतं आणि मी त्याला घरी बसून शिव्या घालत होतो. मी जमिनीवर पाना ठेवला, त्याला बुटाने धक्का दिला, वाकून हात लावला, छातीला लावला. आमच्याकडे जे आपल्याला जेवू घालतं त्याला पाय लावत नाहीत, मी सांगितलं. चुकून लागला तर माफी मागतात. खरं म्हणजे कपाळाला लावायचं असतं, पण हेल्मेट आहे.

त्याने माझं हेल्मेट पाहिलं. मग पाना पाहिला. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला.

"महिनाभर," तो म्हणाला, "महिनाभर मी दोन माणसांचे पाइप उचलले! माझ्या पाठीचं काय झालंय माहीत आहे तुला?" आणि मग तो असा हसला, की ट्रेलरच्या खिडकीची काच थरथरली. डोनटचा डबा त्याने स्वतः माझ्यापुढे आणून ठेवला. त्या दिवसापासून त्याने सगळी वसुली केली. जड म्हणून जे काही असेल ते माझ्या खांद्यावर. मी इतका खूश कधीच नव्हतो. पण फोरमनच्या डोक्यात झाडूवाला बसला होता तो बसलाच, आणि प्रोबेशनचे थोडेच दिवस उरले होते.

शेवटच्या आठवड्यात आम्हाला एका जुन्या शाळेच्या बेसमेंटमध्ये पाठवलं. तिथल्या बॉयलरचे पाइप काढायचे होते. एक जोड इतका गंजलेला, की जाता जात नव्हता. जर्नीमनने सगळ्यात मोठा पाना लावला. त्याचा दांडा जमिनीपासून वीतभर वर आडवा आला. मी दोन्ही हातांनी जोर लावला, चेहरा लालभडक होईपर्यंत लावला. जोड ढिम्म.

"हात सोड," जर्नीमन म्हणाला. "बूट ठेव आणि दाब."

नेमका तेव्हाच फोरमन जिना उतरून आला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

चुकून पाय लागणं वेगळं. मुद्दाम, ठरवून, बुटासकट ठेवणं वेगळं. शिंपी शिलाई मशीन पायानेच चालवतो की, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण शिंप्याच्या पायाखाली त्यासाठी केलेली पट्टी असते, आणि तो चपला काढून बसतो. तेवढ्यात माझ्या हातांनी डोक्याला न विचारताच निर्णय घेतला. मी खाली वाकलो आणि बुटाची लेस सोडली.

"हे!" फोरमन ओरडला. "बूट काढला की तू थेट घरी! साइटवर बूट काढतात?"

तो नियम मलाही पाठ होता. बूट काढला तर नोकरी जाते, पान्यावर ठेवला तर माझं मन मला खातं. अर्धी सुटलेली लेस हातात धरून मी तसाच वाकलेला राहिलो. गणपतीच्या जेवणातलं "हे हिचे मिस्टर" मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

जर्नीमन जवळ आला. त्याने मागच्या खिशातून एक धुतलेलं फडकं काढलं, झटकलं, आणि पान्याच्या दांड्यावर नीट गुंडाळलं. मोठ्या हातांनी टोकं आत खोचली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तुझा बूट फडक्याला लागेल. पान्याला नाही."

त्या फडक्यात मला आमच्या दुकानातल्या गादीवरची पांढरी चादर दिसली. मी लेस बांधली. वाकून पान्याला हात लावला, छातीला लावला. माफी आधीच मागून ठेवली. मग बूट ठेवला आणि नागपूरपासून साठवलेला सगळा राग त्या पायात घातला. जोड किंचाळला आणि सुटला. गंजाचं लाल पाणी माझ्या पँटवर उडालं.

फोरमन पुढे आला. "तो मघाशी छातीला हात का लावत होता? सिक आहे का?"

"नाही," जर्नीमन म्हणाला. "पान्याला सॉरी म्हणत होता. त्याला ठेव. तो माझ्याबरोबर काम करणार."

फोरमनने एकदा माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "ओके." जिना चढून तो निघून गेला. तीन महिने ज्या शब्दाची मी वाट बघत होतो तो इतका छोटा निघाला.

मी पान्यावरचं फडकं सोडवलं, टोकाला टोक जुळवून साडीसारखी घडी घातली आणि जर्नीमनच्या हातात दिली. त्याने ती घडी उलटसुलट करून पाहिली आणि तशीच, न मोडता, खिशात ठेवली.

"असे अजून वीसेक जोड आहेत," तो म्हणाला. "सगळ्यांसाठी एकदमच सॉरी म्हणून घे. मला लंच करायचाय."