कल्हातची खोली बुजवायच्या आत

गुरुवारी दुपारी मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात डबा उघडतच होते, तेवढ्यात लेकीचा फोन. "आई, प्लॅन चेंज! लोडर उद्याच मिळतोय, सो रूम उद्याच बुजवणार. पप्पांना सांग ना, शनिवारी नाही, उद्याच या. प्लीज!"

लेक म्हणजे मितू. नाव संघमित्रा, जन्म नागपूरचा, वाढ सगळी मस्कतची. बापाप्रमाणे इंजिनीअर होईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, पण बाईसाहेबांनी पुरातत्त्व घेतलं. ओमानमध्येच, सूर शहराच्या अलीकडे समुद्रकाठी कल्हात नावाचं मध्ययुगातलं बंदर आहे, आता नुसते अवशेष. तिथल्या एका घरातली एक खोली या मोसमात तिच्या ताब्यात होती. अख्खी खोली! तिने ती हाताने, ब्रशने, सुपल्या भरभरून मोकळी केली होती. मोसम संपला की खोली पुन्हा वाळूने बुजवतात, नाहीतर ऊन आणि खारा वारा भिंती खाऊन टाकतात. आणि "एवढं शिकून माती उकरायची तर माझ्या साइटवर ये" असं चिडवणाऱ्या पप्पांनी तिचं काम एकदाही पाहिलेलं नव्हतं.

पप्पा, म्हणजे माझा नवरा मिलिंद, दुक्मला बंदराच्या कामावर सिव्हिल इंजिनीअर. तेलाचे भाव पडल्यापासून तिथे रजा म्हणजे अर्बाबच्या, मालकाच्या, मर्जीचा मामला. मी फोन केला तर म्हणाला, "बघतो. इन्शाल्ला." वीस वर्षं गल्फमध्ये काढलेल्या माणसाच्या तोंडी या शब्दाचा काय अर्थ असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे.

शुक्रवारी सकाळी मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या घरून मी एकटीच निघाले. जाणाऱ्यांसाठी सांगते: सूरचा हायवे लोण्यासारखा आहे, साधी कार चालते. कुरय्यात गावी पेट्रोल भरून घ्या. तिथेच शंभर बैशांत, म्हणजे इथल्या चिल्लरीत, करक चहा आणि चीज-मधाचा पराठा मिळतो, तो खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाटेत बिम्माचं हिरव्या पाण्याचं विवर आहे आणि वादी शाबची घळही, पण मला कशातच रस नव्हता. कल्हातला मात्र हायवे सोडल्यावर खडबडीत चढ लागतो, आणि कुंपणाच्या आत परवानगीशिवाय सोडत नाहीत. मला न्यायला मितू खाली जीप घेऊन आली. उन्हाने रापलेली, नखांत माती, डोक्याला माझाच जुना स्कार्फ.

"पप्पा?" तिने पहिलं हेच विचारलं.

"निघालेत, मेसेज आला. वाटेत महूतच्या पुढे फोन लागत नाहीये."

वर गेल्यावर मी तिची खोली पाहिली आणि खरं सांगते, ऊर भरून आला. समुद्राकडे उतरत जाणारं दगडाधोंड्यांचं माळरान आणि त्याच्या मधोमध ही चार भिंतींची नेटकी जागा. चुन्याची गुळगुळीत जमीन, कोपऱ्यात भाकऱ्या भाजायची मातीची भट्टी, दारात दगडी उंबरठा. भट्टीजवळ काळ्या मडक्याचे तुकडे सापडले होते. "बहुतेक आपल्याकडचं असावं, वेस्टर्न इंडियाचं," मितू म्हणाली. "अजून शुअर नाही हं. टेस्ट होतील." तिचं ते "अजून शुअर नाही" मला फार आवडलं. माहीत नसताना छातीठोक बोलणारे घरात आधीच एक आहेत.

लोडरने वाळूचा ढीग आणून टाकला. जमिनीवर कापड अंथरलं गेलं आणि फावडी सुरू झाली. मितूही भरत होती, पण दर दोन फावड्यांनी मान वळवून रस्त्याकडे बघायची. टीमच्या प्रमुख बाई परदेशी, पण त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. भट्टीचा कोपरा आणि उंबरठा शेवटी घ्या, असं त्यांनी सांगितलं. वाळू वर चढत होती. मला बसवेना, म्हणून मी लाडवांचा स्टीलचा डबा फिरवत राहिले.

शेवटी लांबवर धूळ दिसली. धुळीने माखलेल्या साइटच्या पिकअपमधून मिलिंद उतरला, हेल्मेट अजून डोक्यावर. खोलीचा तीन चतुर्थांश भाग वाळूखाली गेला होता.

घरी बापाशी इंग्रजीतच बोलणारी मितू आज हट्टाने मराठीत बोलत होती. "पप्पा, हा उंबरठा. लोक जाऊन येऊन, जाऊन येऊन, दगड... काय म्हणतात?"

"झिजला," मिलिंद म्हणाला आणि उकिडवा बसून त्या खळग्यावर त्याने हलकेच बोटं फिरवली. मग भिंतीची ओळ डोळ्यांनी मापून म्हणाला, "ओळंब्यात आहे की गं! एवढं सगळं तू काढलंस?"

"मी काढलं."

मितूचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. मी डोळे पुसले, वाळू गेल्याचं निमित्त आयतंच होतं.

पण इंजिनीअर तो इंजिनीअर. फावडी पुन्हा सुरू होताच साहेब गरजले, "अरे, नुसतीच टाकताय काय? पाणी मारा! थर देऊन दाबा, नाहीतर खचेल!" मजूर थांबले, एक जण चक्क पाण्याचा कॅन आणायला निघाला.

"पप्पा, नो! पाणी नाही! हे कुणालातरी परत उघडायचंय!"

आयुष्यभर पक्कं भरायला शिकलेला माणूस ओशाळून बाजूला झाला. मितूने खिशातून एक नाणं काढलं. तळाशी आजच्या काळातली एक वस्तू ठेवायची त्यांची पद्धत असते. पुढे कुणी खणलं तर कळावं, की इथवर आधी कोणी येऊन गेलंय.

मिलिंदने नाण्याकडे पाहिलं. "यावर तुझं नाव आहे का?"

"नाही. का?"

त्याने माझ्या हातातला डबा घेतला, उरलेले दोन लाडू माझ्या ओंजळीत दिले आणि डबा तिच्यासमोर धरला. आपल्याकडची रीतच ती, भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून घ्यायचं. त्या डब्यावर कोरलं होतं: 'चि. संघमित्रा हिच्या नामकरणानिमित्त, आई-पप्पा', खाली तारीख.

"अहो, डबा माझा आहे!" मी ओरडले. स्टीलचा डबा असा सहजासहजी कोण देतं? पण प्रमुख बाईंनी मितूकडून अक्षरांचा अर्थ समजून घेतला, मनापासून हसल्या आणि मान डोलावली. डबा वाळूने भरून मितूने भट्टीशेजारी ठेवला, नावाची बाजू दाराकडे करून. त्यावर पहिलं फावडं मिलिंदने टाकलं. अगदी हलक्या हाताने, पाणी न मारता.

आता मिलिंद दुक्मला परतलाय आणि जेवणाच्या टेबलावर भेटेल त्याला मोबाईलमधला उंबरठा दाखवतो, असं त्याच्याच सहकाऱ्याने मला फोनवर कळवलं. माझ्या हाती राहिलं झाकण. लाडू वाटताना ते गाडीत राहून गेलं होतं. परवा शेजारच्या काकूंनी मांडणीवर ते पाहिलं आणि विचारलं, "याचा डबा कुठे गेला हो?"

"कल्हातला आहे," मी म्हटलं. "आमच्या मितूच्या खोलीत."