निळी गाडी उलटली तेव्हा

टीव्हीवर मी अधूनमधून मोटारींच्या शर्यती बघतो, म्हणून अमेरिकेत जावयाने मला हौसेने एका शर्यतीला नेलं. जाहिरातींनी माखलेल्या चाळीसेक गाड्या तासन्‌तास एकाच वर्तुळात गरगरत होत्या. माझे कान किटले, जांभया येऊ लागल्या.

शेवटच्या फेऱ्यांत पिवळ्या गाडीवाल्याने पुढच्या निळ्या गाडीला मुद्दाम मागून धडक दिली. ती भिंतीवर आदळून उलटली. सगळं मैदान उभं राहून ओरडलं. निळ्या गाडीच्या ड्रायव्हरला स्ट्रेचरवरून नेलं. पिवळा जिंकला. मोठ्या पडद्यावर त्याने आधी तेल कंपनीचे, मग टायर कंपनीचे आभार मानले. जखमी ड्रायव्हरबद्दल विचारलं तर हसून म्हणाला, "शर्यत आहे. होतं असं."

इतका निगरगट्ट माणूस मी पाहिला नव्हता. घरी परतेपर्यंत मी त्याला शिव्या घालत होतो.

घरी जावयाने फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. निळी गाडी उलटतेय आणि मी दोन्ही हात उंचावून ओरडतोय. माझ्या चेहऱ्यावर भीती शोधली. ती नव्हती.

"पुसून टाक ते," मी म्हणालो.

"का हो बाबा? किती खूश दिसताय!"