वडिलांच्या फोटोतले डोळे

वडील गेल्यावर तेरवीसाठी फोटो शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आलं, की फ्लॅश पडला की डोळे मिटायचे ही त्यांची जन्मभराची सवय होती. घरातल्या सगळ्या लग्नांचे अल्बम पाहिले. प्रत्येकात ते नवरदेवाशेजारी उभ्याने झोपलेले. डोळे उघडे होते फक्त आधार कार्डावर, आणि तिथं ते नुकतेच पकडून आणल्यासारखे दिसत होते. आईनं ते कार्ड बाजूला सारलं आणि पुतण्याच्या हळदीतला फोटो निवडला. त्यात ते हसत होते, अर्थात डोळे मिटून.

"याचे डोये उघडून भेटतीन का?" तिनं विचारलं. "मले त्याईले बोलाचं हाय."

काय बोलायचं होतं, ते मला माहीत होतं. छातीत दुखतंय हे वडिलांनी सोनाळ्याच्या आमच्या शेतात शेजारच्या शेतवाल्याला सांगितलं होतं, तिला नाही. तिला ते अंत्ययात्रेनंतर कळलं.

मलकापूरच्या स्टुडिओवाल्यानं आधी वडिलांना कोट घातला. आमच्याकडे माणूस मेला की त्याला कोट, गोरा रंग आणि मागे ढग मिळतात. जिवंतपणी यातलं काही मागितलं असतं तर लोक हसले असते.

"कोट काढा."

"फ्री हाय भाऊ."

"तरी काढा."

डोळ्यांसाठी त्यानं आधार कार्डाचा फोटो मोठा करून पाहिला, तर नुसते ठिपके दिसायला लागले. मग त्यानं बाजारात वांगी निवडावीत तसं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचेच टाकू. बाप-लेकाचे सेमच राह्यते." त्यानं माझा फोटो काढला, माझे डोळे कापले, वडिलांच्या चेहऱ्यावर ठेवले, कडेनं सुरकुत्या ओढल्या. दिसायला बरोबर बसले. मीही मान डोलावली.

तेरवीला सगळे म्हणाले, जसेच्या तसे. पाहुणे गेल्यावर मी सतरंज्या गोळा करत होतो. आई फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

"काऊन नाही सांगतलं मले? मी काय परकी होती..."

आणि थांबली. तिनं फोटोजवळ वाकून पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

"हे तुह्ये डोये हायत?"

"हो."

"लेकराच्या डोयात पाहून त्याच्या बापासंगं कशी भांडू रे मी?"

"मी उद्याच हळदीतला मूळ फोटो फ्रेम करून आणतो."

"राहू दे. लोकायनं पाह्यला आता." मग हळूच म्हणाली, "मिटेलच ठेवाले पाह्यजे होते. झोपले हायत असं समजून तरी बोलली असती."

फोटो अजून भिंतीवर आहे. आई रोज सकाळी काच पुसते, हार सरळ करते. पुसताना ती चेहऱ्याकडे पाहत नाही.